बेटावर जाण्याआधी

संपादक महोदय,

पर्यटन पुरवण्यांतील उष्णकटिबंधीय बेटांची छायाचित्रे मोहक असतात. मात्र तेथे पोहोचायचे कसे, याविषयी त्यांत क्वचितच काही आढळते. विमानाचे तिकीट काढणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. खरी भिस्त शेवटच्या बोटीवर असते आणि समुद्र खवळला की ती सुटत नाही. त्यामुळे परतीचे विमान त्याच दिवशी ठेवणाऱ्याची पंचाईत होते. मध्ये एखादा दिवस मोकळा ठेवलेला बरा. अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, तर दक्षिण प्रशांत महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल असतो, हे पाहूनच महिना ठरवावा. खोल्या याच काळात स्वस्त का मिळतात, हे वेगळे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी मोठी असते, प्रवाळखडक उघडे पडतात आणि बोट किनाऱ्याला लागू न शकल्यास सामान डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून चालावे लागते. तेथे चाकांची बॅग निरुपयोगीच. प्रशांत महासागरातील पलाऊ या बेटदेशाने तर प्रवाळाला घातक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर २०२० पासून बंदी घातली आहे. पुरवण्यांनी छायाचित्रांसोबत बोटींच्या वेळा, हंगाम आणि असे स्थानिक नियमही छापावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक