टक्कर वायूची, ताऱ्यांची नव्हे

माननीय संपादक महोदय,

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेले ‘पेंग्विन आणि अंडे’ या दीर्घिकांच्या (म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांच्या) जोडीचे छायाचित्र आपण गेल्या रविवारी ठळकपणे छापले, याबद्दल आभार. मात्र त्याखालची ‘महाटकरीत लाखो ताऱ्यांचा चुराडा’ ही ओळ मुळातच चुकीची आहे. ती वाचून सातवीतल्या माझ्या नातीने ‘म्हणजे आपला सूर्यपण फुटणार का?’ असे विचारले, म्हणून हे पत्र.

एक मिलिमीटर जाडीचा राजगिऱ्याचा दाणा सूर्य समजून सांगलीच्या गणपती मंदिरासमोर ठेवला, तर त्याच प्रमाणात सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा तासगावच्याही पलीकडे, सुमारे २९ किलोमीटरवर येतो, आणि तोही दाण्याहून बारीक. इतकी विरळ वस्ती असलेल्या दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार गेल्या, तरी ताऱ्यावर तारा आदळण्याचा प्रसंग जवळजवळ येत नाही. आदळतात ते वायूचे आणि धुळीचे ढग. ते दाबले जातात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. आपल्या आकाशगंगेत वर्षाकाठी सहा-सात तारे तयार होतात, तर सुमारे ३२.६ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या या पेंग्विनमध्ये शंभर ते दोनशे. चुराडा कसला, हे तर बाळंतघर आहे. पेंग्विनचा आकारही शेजारणीच्या गुरुत्वाकर्षणाने केलेल्या ओढाताणीचा आहे: मूळच्या सर्पिल दीर्घिकेचे केंद्र डोळ्यासारखे उरले आणि उलगडलेल्या बाहूंची चोच, पाठ नि शेपटी झाली.

हे नवजात तारे धुळीच्या आवरणात असल्याने साध्या प्रकाशात झाकलेले राहतात. आमच्याकडे ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवतात (पेटवू नये हे खरे, पण तो विषय वेगळा), तेव्हा धुराच्या लोटाआड जाळ दिसत नाही, तरी बांधावर उभ्या माणसाच्या तोंडाला धग लागतेच. ती धग म्हणजेच अवरक्त किरण. त्यांची तरंगलांबी जास्त असल्याने बारीक कणांत ते कमी अडकतात. शिवाय ताऱ्यांनी तापवलेली धूळ स्वतःच अवरक्तात उजळते. १९८३ मध्ये ‘आयरास’ या उपग्रहाने अवरक्तात आकाश पाहिले, तेव्हा ‘आर्प २२०’सारख्या, एकमेकींत मिसळत चाललेल्या दीर्घिका किती प्रखर आहेत हे कळले.

आपल्या वृत्तात नेमकी हीच बाजू सुटली. जुलै २०२४ मध्ये या जोडीचे मध्य-अवरक्तातले, म्हणजे अवरक्तातल्याच अधिक लांब तरंगांतले, वेगळे चित्रही प्रसिद्ध झाले होते. त्यात पेंग्विन धूळ-वायूने झळकतो, तर अंडे आक्रसून लहानसा फिकट ठिपका होते, कारण त्यात जुने तारे आहेत आणि नवे घडवायला लागणारे धूळ-वायू फारसे उरलेले नाहीत. वस्तुमानाने दोघी जवळपास सारख्या, तरी एक तरुण दिसते आणि दुसरी थकलेली, हे त्या एका चित्रातून शाळकरी मुलालाही समजेल. रंगांचा खुलासाही हवा होता: अवरक्त डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लांब तरंगांना तांबडा आणि आखूड तरंगांना निळा रंग देऊन ही चित्रे तयार करतात. आपल्या वृत्तात त्याला ‘विश्वाची रंगपंचमी’ म्हटल्याने वाचकाला ते रंग डोळ्यांनी दिसणारेच वाटतात.

दुरुस्ती छापताना ते दुसरे चित्रही शेजारी द्यावे, ही विनंती. नातीला सध्या मी राजगिऱ्याच्या दाण्यावर निभावून नेले आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सांगली