ती. आई-बाबा, चालायला निघण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

गेले दोन रविवार फोनवर सांगायचं ठरवलं होतं. दोन्ही वेळा आईचा गुडघा आणि लांबलेला पाऊस एवढंच बोलून फोन ठेवला. तुमचा आवाज जरा बदलला तरी मी विषय सोडून देईन, हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले.

येत्या मार्चअखेरीस मला अ‍ॅपलाचियन ट्रेल चालायला निघायचं आहे. पूर्ण. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून थेट उत्तरेला मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत. 14 राज्यं, साधारण 3,500 किलोमीटर. पाच-सहा महिने लागतील. ऑक्टोबरच्या मध्याच्या आत कटाडिनला पोहोचायला हवं, पुढे तिथली हवा बिघडते.

बाबा, तुम्ही आता अ‍ॅटलास काढायला उठला असाल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला धरून जी डोंगररांग वर जाते, तिच्या माथ्यामाथ्याने ही वाट आहे. बेंटन मॅकाय नावाच्या माणसाने 1921 साली ती सुचवली आणि 1937 मध्ये ती सलग जोडली गेली. सर्वांत उंच जागा 2,025 मीटर, म्हणजे कळसूबाईहून फार नाही. कस लागतो तो रोज उतरून पुन्हा चढण्यात. राजगडाहून तोरण्याला जाताना लागला होता तसाच, फक्त पाच महिने.

तो ट्रेक तुम्हाला आठवतो? मी बारा वर्षांची होते. पद्मावतीच्या देवळात मुक्काम करून पहाटे संजीवनी माचीवरून निघालो आणि बुधला माचीच्या अलीकडे धुकं उतरलं. हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. तुम्ही सगळ्यांना होतं तिथे बसवलंत आणि म्हणालात, "वाट दिसेपर्यंत कुणी उठायचं नाही." तासभर आपण ओल्या गवतात बसून होतो. मला भीती वाटली नाही, उलट तिथून उठूच नये असं वाटत होतं. वेल्ह्याला एसटीत बसल्यावर मी विचारलं होतं, ही डोंगराची धार पुढे कुठपर्यंत जाते? तुम्ही म्हणालात, चालशील तिथपर्यंत.

आठ वर्षांपूर्वी इथे डेलावेअर वॉटर गॅपला सहलीला गेलो होतो. तिथे एका झाडावर पांढरा पट्टा दिसला, दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच. या वाटेची खूण तीच, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत. एकावर एक दोन पट्टे दिसले की समजायचं, वळण आहे, जपून. त्या झाडापाशी उभं राहिलं की दक्षिणेला जवळजवळ 2,100 किलोमीटर वाट आणि उत्तरेला सुमारे 1,400. तेव्हा तुमचं ते एसटीतलं उत्तर आठवलं. त्यानंतर सुट्ट्यांमध्ये तुकड्यातुकड्याने न्यू जर्सीतला 116 किलोमीटरचा भाग मी चालून झाले. पण दर रविवारी संध्याकाळी वाट सोडून गाडीकडे वळताना जीव तिथेच घुटमळतो.

आई, तुझे प्रश्न मला पाठ आहेत. हो, अस्वलं आहेत. खाणं तंबूत ठेवायचं नाही, झाडाला उंच टांगायचं किंवा लोखंडी पेटीत बंद करायचं. अस्वलापेक्षा गवतातल्या गोचिडींना मी जास्त भिते, म्हणून रोज संध्याकाळी सगळं अंग तपासायचं. झोपायला जागोजागी तीन भिंतींची लाकडी निवारास्थानं आहेत आणि पाठीवर तंबू असेलच. एकटी निघाले तरी एकटी पडणार नाही, वसंतात शेकडो लोक तिथून निघतात. पूर्ण करणारा चारांतला एखादाच, हेही सांगून ठेवते. आणि तू पालखीबरोबर दिवेघाट चढून सासवडला गेलीस तेव्हा अनोळखी बायकांनी तुझ्या हातात भाकरी-पिठलं ठेवलं होतं ना? इथेही वाटेच्या कडेला गावची माणसं चालणाऱ्यांसाठी फळं, पाणी, गरम जेवण घेऊन थांबतात. ते वाचलं तेव्हा मला तुझीच वारी दिसली.

एमा गेटवुड नावाची एक आजी होती. अकरा मुलांची आई. 1955 मध्ये, वयाच्या 67व्या वर्षी, साधे कापडी बूट आणि खांद्यावर शिवलेली पिशवी एवढ्यावर ही सगळी वाट एकटीने चालली. मुलांना तिने फक्त "जरा चालायला जाते" एवढंच सांगितलं होतं. तिच्याबद्दल मला फार आदर आहे, पण मला तसं सांगून निघायचं नाही. तुम्हाला सगळं माहीत हवं.

आणि आता जे लिहायला हात जड होतोय ते. बाबा, दोन वर्षांपूर्वी तुमची अँजिओप्लास्टी झाली ती मला झाल्यावर कळली. "तिला उगाच काळजी," म्हणून तुम्ही दोघांनी लपवलंत. मी चौथ्या दिवशी पोहोचले. तुम्ही घरी आला होतात, हसत होतात, आणि मी मोरीत जाऊन रडले. त्या दिवसापासून एकच भीती आहे, की मी डोंगरात असेन आणि इकडे तुम्ही माझी काळजी नको म्हणून गप्प राहाल.

म्हणून हे मागणं आहे. माझ्याकडे उपग्रहावरून निरोप देणारं-घेणारं छोटं यंत्र असेल, रेंज नसली तरी चालतं. रोज रात्री मुक्कामाची जागा तुमच्या जावयाला कळेल आणि तो तुम्हाला कळवेल. बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांच्या चालीवर गाडीरस्ता लागतो. मी हिशोब केलाय, दोन वर्षांपूर्वीपेक्षा फार तर दोन दिवस उशीर. पण तुम्ही कळवलंत तरच. छातीत जरा दुखलं, आईला चक्कर आली, शेजारच्यांना रात्री उठवावं लागलं, जे असेल ते त्याच दिवशी. मी वाट अर्धी सोडून आले तर मला वाईट वाटणार नाही. तुम्ही सांगितलंच नाहीत तर मात्र पुढचं एकही शिखर मला गोड लागणार नाही.

मी पाय मोडला, ताप आला, घाबरले, तरी तुम्हाला तसंच सांगेन. कबूल?

आई, तुझ्या सातूच्या पिठाचं प्रमाण मला लिहून पाठव. गहू किती, डाळं किती, वेलची कधी घालायची. चूल न पेटवता गूळ आणि पाणी घालून खाता येईल असं त्याच्याइतकं पोटभरीचं मला काही सुचलं नाही. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट मी इथेच करेन. आठवड्याआठवड्याने वाटेवरच्या पोस्टात पुडके पोहोचते करायचे आहेत, त्यामुळे फेब्रुवारीत सगळं दळून तयार हवं.

बाबा, तुम्ही नकाशावर पेन्सिलीने रोजचा मुक्काम टिपाल का? अंतर किलोमीटरमध्येच पाठवेन.

या रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करते. तोवर हे पत्र दोघांनी वाचलेलं असू दे.

तुमची,
ताई