प्रयोगशाळेतील काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझा प्रबंध विद्यापीठाने स्वीकारला. आभाराच्या पानावर तुमचे नाव आहेच, पण तुमचे ऋण एका ओळीत मावणारे नाही, म्हणून हे पत्र.

कृत्रिम खुब्याच्या स्टेमवर, म्हणजे मांडीच्या हाडात बसणाऱ्या दांड्यावर, भार आला की ताण कुठे साचेल, हे फायनाइट एलिमेंट सिम्युलेशन, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे कल्पून संगणकावर केलेले गणित, काही तासांत दाखवते, आणि पडद्यावरचे लाल-निळे पट्टे इतके देखणे असतात की त्यांच्यावर चटकन विश्वास बसतो. त्यांची खरी परीक्षा तुमच्या यंत्रावर झाली. आयएसओ 7206-4 या मानकानुसार स्टेम 10 आणि 9 अंशांच्या दुहेरी कलात, वरच्या गोल डोक्याच्या केंद्रापासून 80 मिलिमीटर खालीपर्यंत मोकळा ठेवून रेझिनमध्ये रोवायचा असतो. तो कल तुम्ही रेझिन घट्ट होईपर्यंत पुन्हापुन्हा तपासत होतात. टायटॅनियमचा पृष्ठभाग एमरी पेपरने घासून, ॲसिटोनने पुसून, स्ट्रेन गेज (धातू किती ताणला हे मोजणारी चिकटपट्टी) अंगठ्याखाली दाबून धरताना तुम्ही कोणाशी बोलत नसत. तारा जोडल्यावर मल्टीमीटरवर 350 ओहमच्या आसपास आकडा दिसला, की मगच चहा.

मात्र सर्वांत मोठे उपकार वेगळेच. चाचणीआधी तुम्ही म्हणालात, "तुझा आकडा आधी वहीत लिही, तारीख टाक, सही कर; मग यंत्र सुरू करतो." प्रयोगाचे उत्तर हाती आल्यावर सिम्युलेशनमधील गुणधर्म हळूच सरकवून आलेख जुळवणे फार सोपे असते, आणि अशा जुळणीला प्रमाणीकरण म्हणता येत नाही. तुमच्या अटीमुळे तो मार्गच बंद झाला. रेझिनच्या कडेला डायल गेज, म्हणजे सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण, लावण्याची सूचनाही तुमचीच. संगणकात बूड पूर्ण जखडलेले धरण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात रेझिन किंचित दबते, त्यामुळे डोके अधिक सरकते आणि रोवलेल्या कडेवरचा ताण संगणक सांगतो तितका तीव्र नसतो. हा फरक तुमच्या मोजमापाने वेगळा काढता आला, नाहीतर दोष विनाकारण धातूच्या माथी गेला असता.

अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचे 2018 चे व्ही अँड व्ही 40 हे मानक, संगणकीय प्रारूपावर जितका मोठा निर्णय अवलंबून तितका भक्कम पुरावा मागते. परीक्षकांनी तो मागितला तेव्हा मी तुमची वही पुढे ठेवली.

50 लाख आवर्तनांची थकवा-चाचणी, म्हणजे पुन्हापुन्हा भार देऊन धातूचा टिकाऊपणा पाहणे, सेकंदाला 10 आवर्तने धरली तरी, जवळजवळ सहा दिवस चालते. त्या काळात रात्रपाळीच्या रखवालदारांना यंत्राचा आवाज बदलला तर काय करायचे हे तुम्हीच समजावले होते. त्यांनाही माझे आभार कळवावेत. प्रबंधाची एक प्रत विभागाच्या कार्यालयात तुमच्या नावाने ठेवली आहे.

आपली नम्र,
एक संशोधक विद्यार्थिनी