उपग्रहचित्रांचे थर आणि नागरिकांची जबाबदारी

माननीय संपादक, स.न.वि.वि.

पूरकाळात संगणकावरील आभासी पृथ्वीगोलाची चित्रे समाजमाध्यमांवर झपाट्याने फिरतात. त्यांच्याविषयी थोडे लिहावेसे वाटते. 'इस्रो'ने २००९ साली 'भुवन' हे उपग्रहचित्रांचे संकेतस्थळ खुले केले आणि 'सिझियम'सारख्या मुक्त प्रणालीही उपलब्ध असल्याने असा गोल आज कोणालाही ब्राउझरमध्ये पाहता येतो. त्यावरील चित्र मात्र एकसंध नसते. मूळ उपग्रहचित्रावर रस्ते, सीमा, पूररेषा असे थर एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक थराची पारदर्शकता, उजळपणा व गडद-फिकटातील फरक (कॉन्ट्रास्ट) वापरणाऱ्याला बदलता येतो.

ही सोय मोलाची आहे. वरचा थर अर्धपारदर्शक केला, की नदीकाठची कोणती वस्ती पाण्याच्या पट्ट्यात येते ते लगेच कळते. पावसाळ्यात ढगांमुळे साधी चित्रे निरुपयोगी ठरतात, तेव्हा 'सेंटिनेल-१' या युरोपीय उपग्रहाची, ढगांआडचेही टिपणारी रडारचित्रे उपयोगी पडतात. त्यांत संथ पाणी काळे दिसते, पण सह्याद्रीतील डोंगरांच्या सावल्याही काळ्याच दिसतात. अशा वेळी कोणी कॉन्ट्रास्ट भरमसाट वाढवला, तर सावली आणि पाणी यांतील सूक्ष्म फरक पुसला जाऊन कोरडी दरीही जलमय भासते, आणि घाबरलेल्या लोकांपर्यंत नेमके तेच चित्र पोहोचते.

म्हणून आपल्या दैनिकाने असे चित्र छापताना त्याची तारीख, उपग्रहाचे नाव, वापरलेले थर आणि केलेले फेरफार चित्राखाली अवश्य द्यावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली