आमच्या डांबराच्या डॉक्टरीणबाईंना

मॅडम,
स.न.वि.वि.

आमच्या किनाऱ्यावरचे डांबराचे गोळे तपासलेत, त्याचे आभार मानायला फोन केला तेव्हा तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात. म्हणून हे चारचौघांत लिहितो. नाव मात्र घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

तुमचा विषय तुम्ही दोनदा समजावलात. पर्यावरण रसायनशास्त्र आणि पेट्रोलियम सूक्ष्मजीवशास्त्र. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या आमच्या मंडळींत, मी सांगितलं, "डांबराच्या डॉक्टरीणबाई येतहत." तेच नाव पडलं.

मे महिना संपत आला होता. वारा फिरला आणि किनाऱ्याला डांबराचे गोळे लागायला लागले. काही लिंबाएवढे, काही नारळाएवढे. रापण ओढली की मासळीत तेच. जाळ्याच्या आसांत, म्हणजे भोकांत, शिरलेलं डांबर निघता निघेना, शेवटी पट्टाच्या पट्टा कापून टाकला. त्यातच एक विक्रेता येऊन गेला. त्याच्याकडे पावडरचे डबे होते, 'तेल खाणारे जिवाणू'. वाळूत शिंपडा, पंधरा दिवसांत किनारा साफ! आमच्या रापण संघाने त्यासाठी वर्गणी काढली होती. हिशोब माझ्याकडे, आगाऊ रक्कम द्यायची तेवढी राहिली होती.

तुम्ही आलात त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत प्लास्टिकची पिशवी भरून गोळे पुढे केले. तुम्ही ते बाजूला ठेवलेत. प्लास्टिकही तेलाचंच पोर, नमुन्यात मिसळलं की तपासणी बिघडते. मग स्वतः उन्हात वाकून एकेक गोळा ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलात, वर तारीख आणि वेळ. आमच्या आबांनी विचारलं, "अगो बाय, ह्या डांबर इला खंयसून?" तुम्ही म्हणालात, "आजोबा, तेच बघायला आलेय."

डब्यांची गोष्ट निघाली तेव्हा तुम्ही रागावला नाहीत, हसलातही नाहीत. तेल खाणारे जिवाणू खरेच असतात, म्हणालात, पण ते या वाळूत आणि पाण्यात आधीपासूनच आहेत. त्यांना तेलाची कमी नाही, कमी असते ती नायट्रोजन आणि फॉस्फरसची. १९८९ साली अलास्कात एक्झॉन व्हाल्डीझ जहाजाचं तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर मुख्यतः खत टाकलं होतं. माडाला घालतो तसं! आणि घट्ट गोळ्याच्या पोटात ना हवा पोचते ना पाणी, तिथे जिवाणू तरी काय करणार? त्यापेक्षा हाताने वेचा, वाळू कमीत कमी उचला, पायाचं डांबर रॉकेलने नव्हे, खोबरेलाने काढा. वर्गणी त्याच संध्याकाळी परत केली. संघाच्या इतिहासात परत गेलेली ती एकमेव वर्गणी असावी.

पुढे तुम्ही तपासणीचे आलेख घेऊन आलात, तेलात कुठले घटक किती ते दाखवणारे. ताज्या तेलाचा आलेख फणीच्या दातांसारखा, आमच्या गोळ्याचा पुढचे दात पडलेला. हलकं होतं ते वाऱ्यावर उडालं, सरळ साखळ्यांच्या रेणूंचं होतं ते जिवाणूंनी आधी खाल्लं. शेवटी उरतात ती होपेन नावाची संयुगं. तीही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या पेशींच्या आवरणातून आलेली, आणि आजच्या जिवाणूंना सहज न पचणारी. या होपेनांच्या प्रमाणावरून तेलाचं कुळ कळतं. मला हे इतकं आवडलं की घरी जेवताना सांगत बसलो आणि आमटी थंड झाली.

एकाच आठवड्यातले आमचे गोळे दोन कुळांचे निघाले. आम्हाला एका जहाजाचं नाव हवं होतं, कुणावर तरी ओरडायला. मुंबईबाहेर ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली, तेव्हा तेल कुठून आलं ते सगळ्यांना दिसत होतं. इथे तसं नव्हतं. किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या आत टँकरने टाक्या धुतलेलं तेलकट पाणी सोडायला बंदी आहे, पण रात्री तिथे बघायला कोण असतं? "त्या जहाजाच्या तेलाचा नमुना हातात नसताना मी नाव घेणार नाही," म्हणालात. तेव्हा आम्ही हिरमुसलो. मी तर दोन दिवस तुमच्यावर नाराज होतो, आज कबूल करतो. त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या मर्जीचं एखादं नाव घेतलं असतंत, तर पुढे तुमच्या कुठल्याच कागदावर मी विश्वास ठेवला नसता.

आता गोळे आले की पोरं फॉइलमध्ये गुंडाळून, तारीख घालून बर्फाच्या पेटीत ठेवतात. यंदाचे सात नमुने आहेत, कधी नेताय ते कळवा. तुमच्या फॉइलचं अर्धं गुंडाळं अजून माझ्या कपाटात आहे. सुनेने नातवाच्या डब्यासाठी मागितलं होतं, दिलं नाही.

आपला,
रापणीचा हिशोबनीस