रविवारच्या जेवणाबद्दल, ज्यांना काही झालं नाही त्यांनीपण वाचा

रविवारच्या सोसायटीच्या जेवणानंतर ज्यांना उलट्या, जुलाब, ताप सुरू झालाय त्यांनी आज रात्रीपर्यंत इथे लिहा, काय काय खाल्लं, किती वाजता अन् त्रास कधी सुरू झाला. वेळ नीट आठवून लिहा, कारण २-४ तासातच उलट्या लागल्या तर बहुतेक अन्नात आधीच विष तयार झालेलं असतं, अन् ६ तास ते ३ दिवसांनी ताप-जुलाब आले तर साल्मोनेला जंतूसारखं काही असू शकते.

ठणठणीत असलेल्यांनी तर नक्कीच लिहा, प्लीज! वरणभात सगळ्यांनीच खाल्ला, पण बासुंदी न घेतलेलेच वाचले असं दिसलं तर कुठेतरी बोट ठेवता येईल, नुसत्या आजारी लोकांच्या यादीवरून नाही समजत.

कोणी डब्यात पाटोडी, बासुंदी नेली असेल तर फेकू नका, चाखूनही पाहू नका, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्येच ठेवा. अँटिबायोटिक घ्यायच्या आधी डॉक्टरांना शौचाच्या तपासणीचं विचारा, नंतर जंतू सापडत नाहीत लवकर. केटररला आत्ताच बोलू नका, पाणी टँकरचं होतं, तेही तपासायचंय.

लहान मुलं, म्हाताऱ्यांना ओआरएस देत रहा. जुलाबात रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली तर सरळ मेडिकल हॉस्पिटल नाहीतर मेयो हॉस्पिटलला न्या, रात्री गाडी लागली तर मला फोन करा.