भूल देणाऱ्या मॅडमना, बाबांच्या वतीने

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

बाबांची उजवी किडनी काढली, त्याला आता बरेच महिने झाले. ते वावरात जातात, ओझं मात्र आम्ही उचलू देत नाही. टाके काढायच्या दिवशी सर्जन सरांना पेढे दिले, तुम्ही तेव्हा दुसऱ्या थिएटरमध्ये होतात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता यावं असं. भूलतज्ज्ञ म्हणजे झोपवणारा आणि उठवणारा, एवढंच आमच्याकडे ठाऊक आहे.

आमचं गाव अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. उन्हाळवाहीच्या दिवसांत पारा ४४-४५ वर, अंगातलं पाणी घामावाटे जातं आणि माणूस पितो कमी. मुतखड्याचे पेशंट गावोगाव. बाबांचा खडा मूत्रनळीत अडकून बसला आणि वरची किडनी फुगून निकामी झाली. तोवर त्यांचा इलाज एकच : कंबर धरली की दुकानातून डायक्लोफेनॅक ही दुखणं थांबवणारी गोळी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही तपासायला आलात तेव्हा पहिला प्रश्न त्या गोळ्यांचाच विचारलात. या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, आता एकच किडनी उरणार, तेव्हा ऑपरेशननंतरही त्या जातीचं इंजेक्शन द्यायचं नाही, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मॉर्फिनसारखं औषध लागलंच तर थोडं. त्याचे अंश किडनीवाटे बाहेर जातात, किडनी कमजोर असली की ते साचतात, मग गुंगी येते, श्वास मंदावतो. हे ऐकून माय म्हणाली, "मंग दुखनं थांबवाचं कायनं?"

तेव्हा तुम्ही कागदावर पाठीचा कणा काढलात. कण्यापासून निघून बरगड्यांच्या कडेनं पोटाकडे येणाऱ्या नसा दाखवल्यात. छेद बाराव्या बरगडीजवळ, तिथलं दुखणं याच नसांमधून वर जातं. सोनोग्राफीत बघत सुई पाठीच्या लांब स्नायूखाली न्यायची, तिथं बधिर करणारं औषध सोडायचं, ते थरात वर-खाली पसरतं. असं ठरावीक नसांपुरतं बधिर करण्याला ब्लॉक म्हणतात, या ब्लॉकचं नाव इरेक्टर स्पायनी. नवीन आहे म्हणजे प्रयोग तर नाही ना, असं भावानं विचारलं. ही पद्धत २०१६ मध्ये पहिल्यांदा मांडली गेली, आधी छातीतल्या नसांच्या दुखण्यासाठी, हे तुम्ही न चिडता सांगितलंत. पाठीत सुई घेतली की जन्मभराची कंबर जाते, ही आमच्याकडची पक्की भीती. सुई मज्जारज्जूपर्यंत न्यायचीच नाही, हे तुम्ही बाबांच्याच पाठीवर बोट ठेवून समजावलंत. बाबा पन्नास किलोच्या आतले, म्हणून औषधाची मात्रा वजनावर मोजून देणार, हेही सांगितलंत.

बाबा म्हणाले, "मी सोसून घेईन, मॅडम. इळा लागला तरी मी बोंबलत नाही." त्यावर तुम्ही जे बोललात, ते मी गावात कितीतरी जणांना सांगितलंय : "बाबा, सोसायचं नाही. दुखतंय म्हणून श्वास वरवर घेतलात तर कफ साचेल, निमोनिया होईल. मला तुम्ही खोकलून दाखवायचंय." सोसण्यालाच मोठेपणा मानणाऱ्या माणसाला हे असं कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

एका वेळच्या औषधाचा असर काही तासांनी ओसरतो, म्हणून तुम्ही पाठीत केसासारखी बारीक नळी ठेवलीत आणि पुढचं औषध तिच्यातून दिलंत. जोडीला घड्याळ लावून पॅरासिटामॉल. शुद्धीवर आल्यावर बाबांचं पहिलं वाक्य, "जड लागून राह्यलं, पन दुखून नाही राह्यलं." लघवीच्या नळीची जळजळ होती. ती या ब्लॉकनं जाणार नाही हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घरचं कोणी घाबरलं नाही.

शून्य ते दहामध्ये किती दुखतं, हे बाबांना काही केल्या सांगता येईना. मग तुम्हीच तोड काढलीत : पिकाची आणेवारी सांगता तशी दुखण्याची सांगा, सोळा आणे म्हणजे अजिबात सहन न होणारं. बाबा लगेच म्हणाले, "पडल्या पडल्या दोन आने, खोकलताना पाच." सिस्टरनी ते तसंच कागदावर लिहिलं. रात्री खोकताना आठ आणे झाले, तर सिस्टरनी वाट न बघता तुम्हाला फोन केला आणि तुम्ही आलात. नळीतून औषध वाढवलं, बाबांना बसतं केलं, खोकायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते भिंतीला धरून वऱ्हांड्यात चालले. माय मागं मागं, पदर खोचून.

बाबांच्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचंही किडनीचंच ऑपरेशन ठरलं होतं. त्यांच्या मुलाला मी सांगितलं की भूलतज्ज्ञांना आधी भेट, ब्लॉक देता येईल का ते विचार, रोजच्या गोळ्या दाखव. हे पत्र वाचणाऱ्यांनाही माझं तेच सांगणं आहे. ब्लॉक प्रत्येकाला चालेलच असं नाही, रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील तर आधी सांगावं लागतं, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

मॅडम, त्या रात्री नळीचं औषध वाढवल्यावर तुम्ही बराच वेळ बाबांच्या उशाशी उभ्या होतात. त्याबद्दल, आणि त्यांना सोसू न दिल्याबद्दल, आम्ही सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत. बाबांचा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कसं काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, मागच्या तपासणीत ठीक आला. दुकानातली गोळी घरात येत नाही.

तुमची,
बाबांची मुलगी